समुद्राचे वीस सेकंद

जळगावात समुद्र नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी फसवल्याची तक्रार करायला नको. आमच्याकडे तापी आहे, केळी आहेत, कापूस आहे, आणि मे महिन्यात गच्चीवर कच्चा पापड ठेवला तर भाजून हातात येईल असं ऊन आहे. समुद्र नाही. तरीही गेली पंचवीस वर्षं, माझी पाळी असेल त्या संध्याकाळी, मी जळगावात बसून समुद्राची खबर देतो. लाटा केवढ्या, वारा कुठला, होड्या बाहेर काढाव्यात की ओढून वर घ्याव्यात. आणि हे मी ज्यांना सांगतो, त्यांतल्या बहुतेकांनी होडी फक्त जत्रेच्या पाळण्यात पाहिलेली असते.

मी रेडिओवरचा निवेदक. तरुणपणी नाटकात कामं केली. जळगाव, भुसावळ, वरणगावच्या कारखान्याच्या वसाहतीत, धुळ्याच्या स्पर्धांत. बहुतेक वेळा खलनायक. नायक मरायचा तेव्हा टाळ्या मलाच पडायच्या, म्हणून मला वाटायचं आपण थोर नट आहोत. पुढे पोट भरायचा प्रश्न आला तेव्हा आवाज तेवढा उपयोगी पडला, बाकीचा नट घरी बसला. पण घरी बसलेला नट फार उपद्रवी असतो. तो मधूनमधून ड्यूटीवर येतो.

आता जळगावात समुद्र कसा आला ते सांगतो. हवामानाचं पत्रक येतं ते सबंध राज्याचं एकच. वरती कोकण आणि गोवा, मग मध्य महाराष्ट्र, मग मराठवाडा, विदर्भ. आपला खानदेश ‘मध्य महाराष्ट्र’ या नावाखाली गपचूप बसलेला असतो, लग्नाच्या पंगतीत लांबच्या पाहुण्याने बसावं तसा. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या चौकटीत, मच्छीमारांसाठी इशारा. पत्रक वाचायचं तर पूर्ण वाचायचं, असा नियम. म्हणून मच्छीमारांचा इशाराही वाचायचा; चौकट रिकामी असेल तेव्हा तेवढी गाळायची.

सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. खानदेशात कोण ऐकतंय समुद्राचं? कुणीच नाही. मग हा आपला रंगमंच! पावसाळी हवेसारखी बाब मी सज्जनपणे वाचायचो, आणि खालच्या चौकटीशी आलो की आतला खलनायक उठायचा. “समुद्र... खवळलेला... राहील!” असं मी म्हणायचो की काचेपलीकडचा तंत्रज्ञ हसून खुर्चीत आडवा व्हायचा. एकदा मी लाट इतकी उंच नेली की कार्यक्रम बघणारे आमचे पाटीलसाहेब आत डोकावून म्हणाले, “छत्री आणू का?”

पण पत्रक वाचता वाचता त्यातल्या शब्दांची खोड लागली. बाहेरच्या माणसाला वाटतं हवामानखात्याची भाषा मुद्दाम गुळमुळीत असते. तसं नाही. त्यातला प्रत्येक शब्द मोजूनमापून घेतलेला असतो. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे चार गावांपैकी फार तर एखाद्यात. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे एखादंच सुटेल. ‘शक्यता’ आणि ‘दाट शक्यता’ यांत मुलगी बघायला येणं आणि साखरपुडा ठरणं एवढा फरक. समुद्राचंही तसंच. शांत, मग मध्यम, मग खवळलेला, मग अतिशय खवळलेला. या पायऱ्या आहेत. नटाने मध्येच उडी मारून वरची पायरी गाठायची नसते, हे मला कळायला उशीर लागला.

वाऱ्याचं तर फार मजेशीर. धुळ्याहून एक गृहस्थ फोन करायचे. “साहेब, वारा ईशान्येकडून म्हणता, म्हणजे इकडून तिकडे की तिकडून इकडे?” मी सांगायचो, वारा जिथून येतो त्याचं नाव त्याला. ते म्हणायचे, “म्हणजे सासरी गेलेल्या पोरीला माहेरच्या गावाच्या नावानं हाक मारतात तसं.” इतकं नेमकं मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. बोदवडचे एक निवृत्त मास्तर दर दिवाळीनंतर पोस्टकार्ड पाठवायचे, ‘सालाबादप्रमाणे समुद्र शांत झाल्याबद्दल आपले अभिनंदन.’ जणू मीच थोपटून झोपवला होता त्याला.

मात्र मास्तरांचं एक चुकायचं. पावसाळा गेला की समुद्र झोपतो, असा आपला सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात अरबी समुद्राची सगळ्यात लहरी वेळ पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. आश्विन-कार्तिकात पाणी अजून कोमट असतं, वारे दिशा बदलत असतात, आणि अशात कुठेतरी खोल समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं. ते तिकडे गरागरा फिरत असतं आणि इकडे आपण फराळाचे डबे रिकामे करत असतो. त्याचा घेर मोठा असला की ढगांचा पदर सह्याद्री ओलांडून एक-दोन दिवसांत थेट तापीच्या खोऱ्यापर्यंत येतो. म्हणजे कोकणच्या होडीवाल्याला आज जे सांगितलं, ते खानदेशच्या माणसाला परवा कळतं. फक्त खानदेशच्या माणसाला हे ठाऊक नसतं.

असं मला वाटत होतं.

आता त्या गुरुवारी येतो. दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, तुळशीचं लग्न तोंडावर होतं. स्टुडिओत मी केळीवरच्या करपा रोगाबद्दल एका प्रगतिशील शेतकऱ्याची मुलाखत घेत होतो. गृहस्थ इतके प्रगतिशील की थांबेचनात. मी घड्याळाकडे बोट दाखवलं, ते म्हणाले, “हो, वेळेवर फवारणी फार महत्त्वाची.” शेवटी गाणं लावून त्यांना बाहेर काढलं, तेव्हा बातम्यांना जेमतेम एक मिनिट उरलं होतं आणि हवामान वाचायचं राहिलं होतं.

मी पत्रक उचललं. मध्य महाराष्ट्र : हवामान कोरडे राहील. वाचलं. खालच्या चौकटीत त्या दिवशी, पावसाळा संपल्यापासून प्रथमच, इशारा आलेला होता : पूर्वमध्य अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, समुद्र खवळलेला, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, गेले असतील त्यांनी परतावं. घड्याळात वीस सेकंद होते. समुद्राला वीस सेकंद पुरतात. मी अनेकदा मोजलं आहे.

पण त्या संध्याकाळी मला निरोपाचं एक झकास वाक्य सुचलं होतं. करप्याची मुलाखत इतकी कोरडी झाली होती की शेवट तरी ओला व्हावा असं आतल्या नटाला वाटलं. मी ते वीस सेकंद माझ्या वाक्याला दिले. केळीच्या पानावर पडलेलं चांदणं वगैरे. तंत्रज्ञाने काचेतून अंगठा दाखवला. मी पत्रकाची घडी केली. समुद्र त्या घडीत गेला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास पाऊस आला. पत्रकात आमच्या भागापुढे ‘कोरडे’ लिहिलं होतं, पण ढगांनी ते वाचलं नव्हतं. ते ठरल्याच्या आधी आले. तासभर चांगला कोसळला. आम्ही केंद्रावर भजी मागवली. साहेबांनी दोन प्लेट खाल्ल्या.

सहा वाजता ड्यूटी रूममध्ये फोन आला. “समुद्रवाले भाऊ आहेत का?”

मी म्हटलं, मीच. कोण बोलतंय?

“मी चोपड्याहून युसूफ पिंजारी. गादी-रजईचं काम करतो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखतो. एकच विचारायचं होतं. काल समुद्र वाचला नाही तुम्ही.”

“काल वेळ कमी पडला, युसूफभाई.”

“हां. पण समुद्र होता का? म्हणजे कागदावर होता का? खवळलेला?”

खोटं बोलता आलं असतं. रेडिओवर बावीस वर्षं काढलेल्या माणसाला आवाज न कापता खोटं बोलता येतं. पण पत्रक समोरच्या फाइलमध्ये होतं. म्हटलं, “होता.”

मग ते म्हणाले, “मग ठीक आहे. मला वाटलं माझंच ऐकायचं चुकलं. बायको म्हणत होती, तुमचे कान गेले. तिला सांगतो, कान शाबूत आहेत.”

आणि फोन ठेवला. ना राग, ना शिवी. एखाद्याने शिवी दिली असती तर मी त्या शिवीला उत्तर शोधलं असतं. मी फाइल उघडली आणि ती वीस सेकंदांची चौकट पुन्हा वाचली.

शनिवारी सुट्टी होती. चोपड्याची एसटी धरली. विदगावचा पूल ओलांडताना तापीवर मळकं आभाळ टेकलं होतं. मला एकच कोडं पडलं होतं. कापूस पिंजणाऱ्या माणसाला समुद्र कशाला लागतो?

पत्ता विचारायची गरज पडली नाही. बसस्थानकाजवळ पिंजारी म्हटल्यावर पानवाल्याने हात केला आणि वर म्हणाला, “जा, पण आज चहा मिळणार नाही.” चहा मिळाला, पण तो शेवटी. आधी सुमनअक्का मिळाली.

युसूफभाईंचं दुकान म्हणजे खाली पिंजायचं यंत्र, वर गच्ची. साठीचे, बारीक अंगाचे, भुवयांमध्ये कापसाचे तंतू अडकलेले. दारात एक नऊवारीतली बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. जवळच्या खेड्यातली शेतकरी. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून तिने युसूफभाईंना अहिराणीत विचारलं, “हाऊच शे का तो समुद्रवाला?”

“हेच, अक्का.”

“आवाजवरथीन मोठा वाटे. हाऊ ते एवढासा शे.”

मी नमस्कार केला. तिने तो घेतला की नाही कळलं नाही. मग तिनेच मला वर नेलं आणि गच्चीशेजारच्या खोलीचं दार उघडलं. आत जमिनीवर ओल्या कापसाचा ढीग पडला होता. ढग आभाळातून पडून मेला तर तसा दिसेल. हात लावला तर गोळे, आणि एक कुबट, गोडसर वास यायला सुरुवात झाली होती.

“बठ्ठा भिजी गया, भाऊ,” सुमनअक्का म्हणाली. आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता. “मनी पोरनं लगीन शे. आठ दिनमा.”

हकिकत अशी. सुमनअक्काच्या घरची रीत, की मुलीच्या लग्नात द्यायची गादी-रजई घरच्या शेतातल्या पहिल्या वेचणीच्या कापसाची. विकतची नाही. पहिल्या वेचणीचा कापूस सगळ्यात स्वच्छ, त्याला पाण्याचा थेंब लागलेला नसतो. ज्योतीसाठी तिने तो वेगळा ठेवला, जिनिंगमधून सरकी काढून आणला आणि युसूफभाईंच्या स्वाधीन केला. सरकी काढल्यावर उरते ती रुई. ती पिंजायच्या आधी एक दिवस उन्हात पसरावी लागते. ऊन लागलं की दबलेली रुई फुलते, तंतू मोकळा होतो. युसूफभाईंनी शुक्रवारी सकाळी गच्चीवर पसरली, वर जुनी पातळं टाकली आणि दुपारच्या नमाजाला गेले. परत येऊन जेवायला बसले तोवर पाऊस.

“पण युसूफभाई,” मी न राहवून विचारलं, “यात समुद्र कुठे आला?”

ते हसले. “वडील माझे रेल्वेच्या डब्यांसाठी गाद्या शिवायला मुंबईला जायचे. तिथे कोळीवाड्यात एक दोस्त होता. त्यानं सांगितलं, दिवाळीनंतर आमच्या होड्या परत आल्या की दोन दिवस तुझा कापूस घरात ठेव. वडिलांनी पाळलं. मी पाळतो. आमच्या घरात म्हणच आहे, तिकडे होड्या आत, इकडे गाद्या आत. रोज संध्याकाळी तुमचा समुद्र ऐकतो. खवळला म्हणालात की दोन दिवस पसरत नाही. काही म्हणालाच नाहीत, म्हणजे शांत. पसरतो.”

इथे मला खुर्ची लागली. खुर्ची नव्हती, गाठोड्यावर बसलो. बावीस वर्षं मी समजत होतो की रेडिओवर आपण बोलतो तेवढंच लोक ऐकतात. हा माणूस मी न बोललेलंही ऐकत होता. इशारा नसेल तेव्हा आम्ही खालची चौकट गाळतो. म्हणजे आमचं गप्प बसणं हीसुद्धा एक खबर होती, आणि गुरुवारी मी ती खोटी दिली.

“मोबाईलवर बघत नाही का?” मी दुबळं काहीतरी विचारलं.

“मोबाईल सांगतो चोपड्यात काय आहे. चोपडा मला खिडकीतून दिसतो, भाऊ. मला दिसत नाही ते कोण सांगणार?” मग म्हणाले, “एक बोलू? राग मानू नका. तुम्ही समुद्र वाचता ते नाटक जरा कमी करा. कधीकधी कळत नाही, समुद्र खवळलाय की तुम्ही.”

सुमनअक्का इतकी हसली की पदर तोंडाशी न्यावा लागला. पुढच्या क्षणी ती गंभीर झाली. प्रश्न साधा होता. बाजारात तयार गाद्या मिळतात, फोमच्या, गुलाबी फुलांच्या. आज सांगितलं तर लग्नाआधी घरी येतील. पण मग घरच्या कापसाची रीत मोडणार, आणि युसूफभाईंनी दिलेला शब्दही. वाट बघायची तर ऊन हवं. ऊन कधी? रुई आणखी दोन-तीन दिवस अशीच ओली राहिली तर पिवळी पडून सडणार, मग वाट बघितल्याचाही उपयोग नाही.

“आते काय करनं, सांगा,” ती मला म्हणाली. “तुम्ही समुद्रवाला ना?”

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी हवामान विचारलं होतं. वाचून दाखवायला नाही, विचारलं होतं. मी खिशातून मोबाईल काढला आणि मुंबईला जिथून आमचं पत्रक येतं त्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या एक बाई मला पत्रकाच्या चुका दुरुस्त करण्यापुरत्या आवाजाने ओळखत होत्या. अत्यंत कोरड्या. मी त्यांना ओल्या कापसाची पूर्ण गोष्ट सांगितली, थोड्या अभिनयासह.

“सर,” त्या म्हणाल्या, “क्षेत्र पश्चिमेकडे सरकतंय. सोमवारी इशारा मागे घेतला जाण्याची शक्यता आहे.”

“शक्यता की दाट शक्यता?”

कागद उलटल्याचा आवाज आला. “दाट,” त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, “आत्ता तरी. पण हे माझ्या नावावर चोपड्यात सांगू नका.”

मी माझ्या नावावर सांगितलं. सुमनअक्काने आभाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांपैकी कुणावर कमी विश्वास ठेवावा याचा विचार केला. मग म्हणाली, “सोमवार लोंग थांबू. नही ते मंगळवारले फोम.”

आता दोन दिवस रुई जिवंत ठेवायची होती. पंखा लावला तर रुई उडते. न लावला तर सडते. हा पेच युसूफभाईंच्या बायकोने, शमीमभाभींनी, सोडवला. त्यांनी घरातली मच्छरदाणी आणून ढिगावर टाकली, कडेला विटा ठेवल्या आणि पंखा पूर्ण सोडला. मग गल्लीतल्या घराघरातून मच्छरदाण्या आल्या. रुई पातळ पसरायला जागा हवी, म्हणून तीन घरांच्या बैठकीच्या खोल्यांतून, पलंगाखाली, पाळण्याखाली सुद्धा, जाळीखाली पांढरा कापूस थरथरत होता. दर दोन तासांनी कुणीतरी जाळी उचलून तो उलटायचं. त्या रात्री त्या गल्लीला डास किती चावले असतील, हे मी विचारलं नाही. मीही दुपारभर कापूस उलटवला. माझ्या भुवयांतही तंतू अडकले. अक्काने बघितलं आणि म्हणाली, “आते दिसस जरा कामना.” म्हणजे, आता जरा कामाचा दिसतो. तेव्हा मला चहा मिळाला.

रविवारी मी ड्यूटीवर होतो. पत्रकात इशारा कायम. वाचला. खवळलेला म्हणताना आवाज अजिबात चढवला नाही. तंत्रज्ञाने काचेतून विचारलं, तब्येत बरी आहे ना?

सोमवारी पाच वाजता पत्रक आलं. मी आधी खालची चौकट बघितली. रिकामी. बाई बरोबर होत्या. आता नियमाप्रमाणे मी मध्य महाराष्ट्र वाचायचा आणि उठायचं. पण चोपड्यात एक माणूस रेडिओशी कान लावून बसला असणार. माझं गप्प बसणं त्याने आता कशावरून खरं मानावं? ते तर मी गुरुवारीच बुडवलं होतं. रेडिओवरून खासगी निरोप देता येत नाही, हाही नियम. मी सगळं वाचलं आणि शेवटी, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, “मच्छीमारांसाठी आज कोणताही इशारा नाही. समुद्र शांत आहे.”

बाहेर पडलो तर साहेब दारात. “नाही ते कशाला वाचलंत?”

“साहेब, नाही हेही सांगावं लागतं.”

“आपल्या प्रक्षेपणक्षेत्रात मच्छीमार आहेत किती?”

“चोपड्यात एक आहे, साहेब. मच्छरदाणीचं जाळं टाकतो.”

साहेबांनी पेन काढलं. मग त्यांच्या त्या मोठ्या वहीत, जिथे आमच्या चुका लिहिल्या जातात, काहीतरी लिहिलं. पुढे मी चोरून बघितलं. लिहिलं होतं : ‘समुद्र रोज वाचावा.’

मंगळवारी कडक ऊन पडलं. मी बुधवारी सकाळची पाळी उरकून पुन्हा चोपड्याला गेलो, निमंत्रण नसताना. गल्लीत शिरलो तो लांबूनच आवाज आला. तांय... तांय... तांय. यंत्र बंद होतं. भिजून वाळलेल्या रुईच्या गाठी यंत्राच्या दातांत घातल्या तर तंतू तुटतो, म्हणून युसूफभाईंनी वडिलांची लाकडी कमान माळ्यावरून काढली होती. माणसाएवढी कमान, तिला ताणलेली चिवट दोरीसारखी तात, आणि तात छेडायचा लाकडी ठोकळा. प्रत्येक ठोक्याला गाठ सुटायची आणि रुई हवेत उठून हळूच खाली बसायची. मी बावीस वर्षं आवाजाचा धंदा केला, इतका खरा आवाज माइकवर कधी आला नाही. मी उंबऱ्यावर बसून ऐकलं. शमीमभाभी म्हणाल्या, “इतकं काय बघताय?” मी म्हटलं, “आज तुमच्या घरचं केंद्र लागलंय.”

सगळी रुई वाचली नाही. तळाशी राहिलेली पिवळी पडली, तिची एक गादी कमी झाली. सुमनअक्काने ती विकतची आणली नाही. “एक कमी ते कमी,” म्हणाली, “पन घरनी शे.” लग्नाला मी गेलो. मांडवात रुखवताशेजारी पांढऱ्या खोळीतली गादी आणि लाल रजई रचून ठेवली होती. ज्योतीने वाकून नमस्कार केला आणि हळूच विचारलं, “काका, तो खवळलेला आवाज काढून दाखवा ना.” सुमनअक्का पलीकडून ओरडली, “नको! अजून जेवन व्हवानं शे!”

परत निघताना युसूफभाईंनी एक छोटी गादी हातात दिली. खुर्चीत टाकायची. तीच तळाची पिवळी पडलेली रुई, वाळवून, पिंजून भरलेली. मी बसून बघितलं. फार मऊ. फक्त मधोमध काहीतरी टोचत होतं.

“युसूफभाई, एक गाठ राहिली आहे.”

“राहिली नाही,” ते म्हणाले. “ठेवली आहे.”

ती गादी आता स्टुडिओतल्या माझ्या खुर्चीत असते. संध्याकाळी गाणं संपतं, लाल दिवा लागतो, आणि निरोपाचं एखादं झकास वाक्य सुचायला लागतं. मग मी जरा सरसावून बसतो, गाठ टोचते, आणि मी समुद्र वाचतो.